नऊ नंबरची जागा

भाईंदरच्या बाजारात अजूनही एखादी पन्नाशीची बाई मला थांबवते आणि म्हणते, "मॅडम, ओळखलं का? मी पॅकिंगमधली. तुम्हीच मला सांगितलं होतं, कधी सांगायचं ते." तिचं नाव मला आठवत नाही, पण प्रश्न लगेच आठवतो. आमच्या कारखान्यात बाळंतपणाच्या रजेवर निघालेली दर दुसरी मुलगी तो घेऊन माझ्याकडे यायची. "मॅडम, मी काही परत येईन असं वाटत नाही. ऑफिसात कधी सांगू? आत्ताच, की रजा संपताना?"

मी इंजेक्शनच्या कारखान्यात चेकर होते, आणि शेवटची दहाएक वर्षं चेकिंगची सुपरवायझर. माझं उत्तर ठरलेलं असायचं. आत्ता तोंड उघडू नकोस. हातीपायी सुटका होऊ दे, सव्वा महिना होऊ दे, पोराचं आणि तुझं काय जमतं ते बघ. मन एकदा इकडे, एकदा तिकडे होत असेल तर गप्प राहा. ज्या दिवशी पक्कं होईल त्या दिवशी मात्र एक दिवसही लावू नकोस, कारण तुझ्या जागेवर कोणी तरी बदली बसलेली असते आणि तिला रात्रीची झोप नसते.

मुलींना शेवटचं वाक्य कळायचं नाही. त्या 'हो मॅडम' म्हणून निघून जायच्या. मला ते कळत होतं, कारण एकोणसत्तर-सत्तरच्या सुमाराला ती झोप न लागणारी बदली मी होते.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते. नातवंडांना सांगितलं तर त्यांना वाटतं आजी औषधं बनवायची. औषध बनवणारे वेगळे. आम्ही फक्त बघायचो. इंजेक्शनची काचेची बंद कुपी असते, तिला अँपुल म्हणतात. औषध भरलं, वरचं टोक ज्योतीवर धरून बंद केलं, की त्या कुप्या आमच्या खोलीत यायच्या. प्रत्येकीच्या पुढ्यात एक ट्यूबलाइट, एक काळा फळा आणि एक पांढरा फळा. कापसाचा तंतू असेल तर तो काळ्यावर दिसतो. रबराचा कण, जळका कण पांढऱ्यावर दिसतो. काचेचा बारीक कपचा मात्र कशावरच धड दिसत नाही. कुप्या हातात फिरवायच्या आणि झटकन थांबवायच्या. काच थांबते, आतलं पाणी फिरत राहतं, आणि त्या फिरण्यात कपचा एकदाच चमकतो. त्याच क्षणी तुमची पापणी लवली तर तो कपचा कोणाच्या तरी शिरेत जायला मोकळा.

हे काम बायकांकडेच का, असं मी एकदा मोठ्या साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, बायकांना तांदूळ निवडायची सवय असते. मला राग आला, पण साहेबांचं अगदीच खोटं नव्हतं. फरक एवढाच, की तांदळात खडा राहिला तर नवऱ्याचा दात दुखतो.

डोळ्यांना विश्रांती म्हणून तासाभराने दहा मिनिटं खिडकीबाहेर बघायचं, असा नियम होता. पुढच्या खिडकीतून मिठागरं दिसायची. ती बघायला बंदी होती, कारण दुपारच्या उन्हात मिठाच्या राशी डोळ्यांत खुपायच्या. मागच्या खिडकीतून खाडीकाठची तिवरं दिसायची. ती हिरवी, म्हणून ती बघायची. सुपरवायझर मेहताबेन घड्याळ लावून आम्हाला मागच्या खिडकीशी उभ्या करायच्या. मी आयुष्यात झाडं बघितली ती अशी, पगारी.

आणि तक्रारी. त्या वाचायला आम्हाला फार आवडायचं. गुजरातमधल्या एका डॉक्टरांनी अख्खी पेटी परत पाठवली, की आत काही तरी जिवंत हलतंय. मेहताबेननी शंभरच्या शंभर कुप्या भिंगातून बघितल्या. बुडबुडा होता. डॉक्टरांना नम्र पत्र गेलं, की बुडबुडा निरुपद्रवी असून आपण कुपी आडवी केल्यास तो पलीकडे जाईल. डॉक्टरांचं उत्तर आलं, की तो पलीकडे गेला, पण परत आला. हे पत्र बरीच वर्षं आमच्या खोलीत फळ्याच्या मागे खोचलेलं होतं.

हसण्यावारी न जाणारी तक्रार एकच, काचेची. कुप्यांच्या प्रत्येक ट्रेमध्ये चेकरच्या नंबरची चिठ्ठी असायची आणि ती पेटीबरोबर गावोगाव जायची. माल परत आला की चिठ्ठीही परत यायची. तंतू निघाला तर बोलणी बसायची. काच निघाली तर माफी नव्हती. कायम कामगार असेल तर तिला घरी बसवून चौकशी, आणि चौकशीतून परत आलेली मी कोणी बघितली नाही. बदली असेल तर चौकशीसुद्धा नाही. त्याच दिवशी यादीतून नाव काढायचं.

बदली म्हणजे कोणी रजेवर गेलं की तिच्या जागेवर तात्पुरती घ्यायची मुलगी. कायम बाई परत आली की बदली घरी. कायम बाईने काम सोडलं, तर तिच्या जागेवर तेव्हा जी बदली असेल तिला कायम करायची पद्धत होती, फक्त तिच्या नावावर शेरा नको. आमच्यासारख्या यादीतल्या पाच-सहा मुली रोज सकाळी गेटवर उभ्या राहायच्या आणि कोणाच्या पोटाचा घेर वाढलाय ते बघायच्या. ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. वडील मुंबईत गिरणीत होते, दम्याने घरी बसले, आणि परळची खोली सोडून आम्ही भाईंदरला आलो, कारण इथे भाडं परवडायचं. माझ्या मागे दोन बहिणी. आई शिवणकाम करायची. घरात कमावतं व्हायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी गेटवर उभी राहायचे. आता जिथे नया नगरच्या इमारती एकमेकींच्या खिडक्यांत डोकावतात, तिथून आम्ही मिठागरांच्या बांधावरून चालत कारखाना गाठायचो. बांध निसरडा, चपला हातात, आणि पुढे सगळ्यांत भरभर चालणारी हिरा.

हिरा नऊ नंबरची चेकर. जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातली. नवरा होडीवर, सासू बाजारात मासळी विकायची, आणि ही त्या घराण्यातली पहिली बाई जी कारखान्यात आली. शाळा चौथीपर्यंतची, पण नजर अशी, की मेहताबेनना शंका आली की त्या भिंग बाजूला ठेवून कुपी हिराकडे द्यायच्या. लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिलं नाही. तिसऱ्या वेळी पाचवा महिना लागेपर्यंत तिने कोणाला कळूच दिलं नाही. पदर पुढे घेऊन बसायची आणि कोणी विचारलं तर म्हणायची, "मासळी खातंय चांगली, म्हनून दिसतंय."

कायदा सांगायचा, बारा आठवड्यांची रजा, सहा आधी आणि सहा नंतर. परत येणार की नाही, हे आधी सांगायचं बंधन कायद्यात नव्हतं. तरी टाइम ऑफिसचे सावंत फॉर्मवर एक ओळ भरून घ्यायचे, 'पुन्हा रुजू होण्याची तारीख'. हिरा फॉर्मकडे बघायलाही तयार नव्हती. जन्मायच्या आधी बाळाचं अंगडंटोपडंही कोणी आणत नव्हतं, तिथे 'बाळाला सांभाळायला घरी राहणार' असं कोण बोलणार? आणि 'येणार' म्हणावं, तर बाळ राहणारच नाही असं बोलल्यासारखं होतं. दोन्हीकडून तोंडाला कुलूप.

"लिवा तुमीच काय ती तारीख," ती सावंतांना म्हणाली. "पोर हातात येऊ दे. मंग मी तोंड उघडीन."

सावंतांनी बारा आठवडे मोजले आणि तारीख लिहिली. बदली म्हणून मेहताबेननी माझं नाव दिलं, आणि हिराच्या शेवटच्या दिवशी मला तिच्या शेजारी बसवलं, हात शिकायला. तसं आधी इतरींच्या जागांवर बदली म्हणून मी चेकिंग थोडं केलं होतं, पण हिराने पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. मान कशी ठेवायची, मनगट कसं फिरवायचं. कुप्या बोटांत पंख्यासारख्या धरायच्या, एका वेळी सहा.

"सहाच घे," ती म्हणाली. "आठ घेशील तर दोन देवाच्या भरवशावर."

दुपारनंतर ती फॉर्म आणि डॉक्टरांचा कागद घेऊन टाइम ऑफिसात गेली. मी नऊ नंबरच्या जागेवर पहिल्यांदा एकटी बसले. नंबर तिचाच. रजेवरच्या बाईच्या नंबरावर बदलीने काम करायचं, अशीच पद्धत होती. मेहताबेन मागून येरझारा घालत होत्या. बदली हळू आहे असं त्यांना वाटू नये म्हणून मी सहाच्या आठ केल्या.

हिरा साडेचारला परत आली, तोवर माझे ट्रे रचून झाले होते. तिने वरचा ट्रे उघडून चिठ्ठी बघितली. "एकदाच घडी घातलीस? दोनदा घाल. न्हायतर चिठ्ठी सुटून पडते आन् दुसऱ्याच्या ट्रेत जाते." मी ओशाळले. बाकीचे ट्रे तोपर्यंत पॅकिंगला गेले होते. त्या दिवसानंतर मी चिठ्ठीला दोन घड्या घातल्याशिवाय कधी ट्रे बंद केला नाही.

मग सुरू झाले ते आठवडे. मी रोज नऊ नंबरच्या जागेवर बसायचे, आणि ती जागा माझी नाही हे मला रोज आठवायचं. आई विचारायची, "काही कळलं का गं तिचं?" वडील विचारायचे नाहीत, पण मी घरात पाऊल टाकलं की माझ्या तोंडाकडे बघायचे. मी देवळात जाऊन उभी राहायचे आणि मला मागणं जमायचं नाही. बाळ सुखरूप होऊ दे, हे सोपं होतं, मी मनापासून मागायचे. त्याच्यापुढे काय मागायचं? हिराने परत येऊ नये, हे मागायला जीभ वळेना. मग मी देवाला सुचवायचे, की तिच्या सासूला पोर सांभाळायला सवड नसू दे, म्हणजे बाजार जोरात चालू दे. कोळीवाड्यातल्या एका म्हातारीच्या धंद्याची बरकत त्या वर्षी माझ्याइतकी कोणीच चिंतली नसेल.

हिराला मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर मी आईने शिवलेलं झबलं घेऊन तिच्याकडे गेले. घरासमोर जाळी वाळत होती. हिरा दारातच पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. चेहऱ्यावर असं सुख मी पूर्वी बघितलं नव्हतं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता ही येत नाही. मला त्याची लाज वाटली. वाटली ती वाटली, पण आनंदही झाला.

तेवढ्यात पोर रडायला लागली. हिराने फळीवरची ग्राइप वॉटरची बाटली घेतली, बूच काढायच्या आधी दाराच्या उजेडात धरली, मनगट फिरवलं, थांबवलं आणि बघितलं. मग तिच्याच लक्षात आलं आणि ती हसली. "हात ऱ्हात न्हाय गो," ती म्हणाली. "रात्री झोपेत बी ट्रे मोजतंय."

मी विचारायचं नाही असं ठरवून गेले होते. विचारलंच. "हिरा, तू येणार आहेस का परत?"

ती पोरीला थोपटत म्हणाली, "सासू बोलते, तुला जायाचं तर जा, पोर मी बघीन. आन् दुसऱ्या दिवशी बोलते, मंग बाजार कोन बघंल? नवरा बोलतच न्हाय. आन् मी सकाळी एक बोलतंय, सांजेला दुसरं. तूच सांग, ऑफिसात काय सांगू?"

मी म्हटलं, "तुझं मन म्हणेल ते."

"माजं मन तिकडं बी हाय आन् हिकडं बी हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुज्या बापाचं कसं हाय?" दम्याचं सांगितलं. ती म्हणाली, "कलंल तवा आधी तुला सांगीन. मंग ऑफिसला." बारा आठवड्यांवर तिने आणखी महिनाभर बिनपगारी रजा वाढवून घेतली. सावंतांनी कुरकुर करत नवी तारीख लिहिली.

त्या तारखेच्या चार दिवस आधी एक पेटी परत येऊन मेहताबेनच्या टेबलावर होती.

एका इस्पितळातून आली होती. नर्सने सुईत औषध ओढायच्या आधी कुपी उजेडात धरली म्हणून तिला कपचा दिसला. कोणाला काही झालं नाही, एवढं देवाने राखलं. मेहताबेननी मला बोलावलं आणि कुपी फिरवून दाखवली. काच चमकली. एकदाच.

"नऊ नंबर," त्या म्हणाल्या. "बॅच देख. हिराचा लास्ट दिवस. सकाळी ती बसली, दुपारी तू. दोघींचा नंबर एकच. आता मला सांग, कोणाचा ट्रे?"

चिठ्ठी टेबलावर पडलेली होती. मधोमध एकच घडी. एकच. एवढे आठवडे पेटीत दबून ती घडी शाईने आखल्यासारखी दिसत होती. त्या कारखान्यात तिचा अर्थ दोघींनाच कळला असता, आणि त्यातली एक घरी होती.

"मला नाही सांगता येणार, बेन," मी म्हटलं.

मेहताबेन वाईट बाई नव्हत्या. त्यांनी कुपी पेटीत परत ठेवली. मग म्हणाल्या, "सोमवारी हिरा येणार ना ड्यूटीवर? तिला पण विचारू. दोघींमधून एकीला तर जायलाच लागेल. मी काय करू? काचमध्ये माफी नाय." तोवर मी जागेवर बसायचं, असं ठरलं.

ते चार दिवस कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. मी घरी काही बोलले नाही. रोज ठरवायचे, आज बेनना सांगायचं. रोज वडिलांचा श्वास ऐकायचे आणि उद्यावर टाकायचे. मनाशी म्हणायचे, हिरा तशीही येणारच नाहीये. बाईमाणूस, सहा वर्षांनी पोर झालेलं, कशाला येईल? ती आली नाही तर विचारायला कोणी नाही आणि प्रश्नच मिटला. आठ कुप्या धरणाऱ्या माणसाचा हिशेब असाच असतो.

सोमवारी पावणेआठला हिरा आली. कामाची सुती साडी, केस घट्ट बांधलेले, खांद्याला पिशवी. बांधावरून भरभर चालत आल्याने धापा टाकत होती. गेटवर मला बघून म्हणाली, "आधी तुला सांगायचं होतं, पन काल सांजेपर्यंत माजंच..." तेवढ्यात मेहताबेनचं बोलावणं आलं, दोघींना. तिचं वाक्य तिथेच राहिलं.

मेहताबेननी तिला बसवलं, पोरीची चौकशी केली, आणि मग कुपी दाखवली. हिराने सवयीने फिरवली, थांबवली, बघितली. तिचा चेहरा उतरला. मेहताबेननी मला सांगितलं होतं तेच तिला सांगितलं. सकाळ, दुपार, नंबर एक. आणि एकीला जावं लागेल.

हिराने टेबलावरची चिठ्ठी उचलली. बोटाच्या नखाने त्या घडीवरून एकदा वरपासून खालपर्यंत ओढलं. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होते, पण ती बघतेय हे मला कळत होतं. माझ्या तोंडात शब्द होता. दोन अक्षरांचा, 'माझी'. तो बाहेर काढायला किती वेळ लागतो?

हिराने काढला. "माजी हाय ही," ती म्हणाली. "सकालचा ट्रे. त्या दिशी पोटात दुखत व्हतं, नजर लागत न्हवती."

"हिरा," मेहताबेन म्हणाल्या, "चौकशी होईल. समजते ना?"

"चौकशी कशाला, बेन? मी आज तेच सांगायला आलतंय. मी परत येनार न्हाय. पोर ल्हान हाय, सासूला बाजार हाय. ठरवून दोन हप्ते झाले, सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

मेहताबेन चिडल्या. काचेपेक्षाही त्याच गोष्टीवर जास्त चिडल्या, की ठरलं होतं तर आधी का नाही कळवलं, दुसऱ्या मुलीचा जीव टांगणीला लावला. हिरा खाली मान घालून ऐकत होती आणि 'चुकलं बेन' म्हणत होती. सावंतांनी कागद आणला. राजीनामा दिलेल्या बाईची चौकशी होत नाही. बॅचचं प्रकरण तिथे मिटलं आणि माझ्या नावावर शेरा बसला नाही. महिन्याभराने मला कायम झाल्याचं पत्र मिळालं. पुढची सत्तावीस वर्षं मी नऊ नंबरच्या चिठ्ठ्या दोन घड्या घालून ट्रेमध्ये ठेवल्या.

सही करून हिरा बाहेर आली, तेव्हा मी तिच्यामागे गेटपर्यंत गेले. तीच म्हणाली, "आठ घेतलेल्यास ना?" मी मान हलवली. "पुन्ना घेऊ नको." मग पिशवीत हात घालून तिने पितळी डबा काढला आणि माझ्या हातात दिला. "घे. तुज्यासाटी आनलेला." आणि बांधाकडे चालायला लागली. परतताना ती भरभर चालत नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला. तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण.

मी सोमवार करायचे. आमच्या घरी सोमवारी मासळीचा वासही चालत नसे, आणि कारखान्यात त्यावरून माझी सगळ्यांत जास्त थट्टा कोणी केली असेल तर हिराने. "समिंदर काय वार बघून मासळी देतो काय गो?" असं म्हणून, मला काम मिळालेल्या प्रत्येक सोमवारी ती माझ्यापासून तोंड फिरवून जेवायला बसायची, मला वास नको म्हणून. माझ्यासाठी आणलेल्या डब्यात तिने सोमवारी बोंबील घातले नसते. तो तिचा स्वतःचा डबा होता. ती कामावर यायला निघाली होती. आदल्या संध्याकाळी तिचं मन ठरलं होतं ते परत यायचं, आणि मला आधी सांगायचं होतं ते हेच.

मी डब्याकडे बघत बसले. मग त्या दिवशी, सोमवारी, मी ते कालवण जेवले. सगळं जेवले. ते टाकून देणं मला शक्य नव्हतं आणि परत देणं त्याहून शक्य नव्हतं. जेवून मी मेहताबेनच्या दारापर्यंत गेले. त्यांनी वर बघून विचारलं, "काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही, बेन," आणि जागेवर जाऊन बसले.

रविवारी डबा परत द्यायला हिराकडे गेले. रिकामा डबा देऊ नये म्हणून आत साखर घातली होती. हिरा अंगणात सासूच्या टोपल्या धूत होती. दुसऱ्या दिवसापासून ती बाजारात बसणार होती आणि सासू पोरीला सांभाळणार होती. म्हणजे पोर काही अडचण नव्हतीच. हे तिने सहज सांगितलं आणि मी सहज ऐकल्यासारखं केलं. मग डबा हातात घेऊन तिने विचारलं, "कालवन बरं झालेलं काय?"

"चांगलं झालं होतं," मी म्हटलं. "सगळं संपवलं."

ती हसली. मग तिचं हसू हळूहळू कमी झालं. डब्याचं झाकण धरून ती तशीच उभी राहिली.

"सोमवार व्हता, न्हाय?" ती म्हणाली.

"हो."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने डबा काखेत मारला. "मना आठवलाच न्हाय वार," ती म्हणाली, आणि पोर उठलीय का बघायला आत गेली.